काडी कुठवर धरायची

लहानपणी लाइट गेले की आमच्यात एक खेळ चालायचा. मेणबत्ती लावायला म्हणून आणलेली काडेपेटी, त्यातली एक काडी तिने पेटवायची एक मी, आणि बघायचं कोण जास्त वेळ धरतं. ती म्हणजे माझी आत्येबहीण, ताई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दर वेळी तीच जिंकायची. मी चारपर्यंत मोजलं की हात झटकून मोकळा, आणि ती आपली सात, आठ, नऊ, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, मग शांतपणे फू करून विझवायची आणि काळं पडलेलं काडीचं बारीक बोट मला दाखवायची. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की ही शूर आहे आणि आपण भित्रे, विषय संपला.

हे आत्ता आठवायचं कारण अगदीच भलतं आहे. गेले काही महिने रात्री झोप आली नाही की मी मोबाइलवर जुन्या आरमारी लढायांचं वाचत पडतो, आणि त्यात कुठेतरी फायरशिपपाशी येऊन अडकलोय. मराठीत अग्निनौका म्हणता येईल, पण तो शब्द फार सोवळं नेसून आल्यासारखा वाटतो, म्हणून मी आपलं फायरशिपच म्हणणार. कल्पना अगदी साधी, एखाद्या चिडलेल्या पोराला सुचावी अशी. एक जहाज घ्यायचं, जळेल ते सगळं त्यात कोंबायचं, वारा शत्रूच्या दिशेने वाहायला लागला की पेटवून सोडून द्यायचं. लाकडाची जहाजं, डांबराने माखलेले दोर, कापडाची शिडं, पोटात तोफेची दारू. समुद्रावर तरंगणारी सगळ्यात जळाऊ वस्तू म्हणजे जहाजच, आणि चारी बाजूला पाणीच पाणी असून आग लागली की ते पाणी उपयोगाचं नाही.

पण वाचताना माझं लक्ष त्या आगीकडे कमी आणि एका माणसाकडे जास्त जायला लागलं. कारण जहाज आपोआप जात नाही. कोणीतरी सुकाणू धरलेलं असतं. पायाखाली गंधक आणि राळ भरलेली, हातात पेटती वात, समोर तोफा, मागे एक होडी बांधलेली. आणि त्याला एकच गोष्ट ठरवायची असते. उतरायचं कधी?

लवकर उतरला तर जहाज भरकटतं. उशिरा उतरला तर तो जहाजाबरोबर जातो. आमच्या काडीच्या खेळाची ही मोठ्यांची आवृत्ती, आणि ती दोन हजार वर्षांहून जास्त काळ चालू होती.

इ.स.पू. ४१३ मध्ये सिरॅक्यूजच्या लोकांनी एक जुनं मालवाहू जहाज काटक्या आणि चुडींनी भरून अथेन्सच्या आरमारावर सोडलं, अथेन्सवाल्यांनी ते कसंबसं अडवलं आणि विझवलं. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये टायरच्या वेढ्यात जे झालं ते मात्र मला फार आवडतं. अलेक्झांडर समुद्रात भराव घालत बेटावरच्या शहराकडे सरकत होता आणि भरावाच्या टोकाला त्याने दोन मोठे बुरूज उभे केले होते. टायरवाल्यांनी घोडे वाहून न्यायचं एक जहाज घेतलं, ते काटक्या, राळ, गंधकाने भरलं, वर आडव्या काठ्यांना जळाऊ द्रव्याच्या कढया टांगल्या, आणि मग जहाजाच्या मागच्या भागात मुद्दाम वजन टाकलं. का? तर मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर उचललं जातं, आणि मग जहाज भरावाला नुसतं टेकत नाही, वर चढून बसतं. बुरूज जळाले. आणि जहाजावरची माणसं? ती आरामात पोहत परत गेली.

या वजनाच्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. बाकी सगळी पेटवापेटवी कोणीही करेल, पण मागे वजन टाकायचं हे ज्याला सुचलं त्याने आधी कुठेतरी निवांत बसून नीट विचार केलेला असणार.

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या आरमारांनी हा विचार पार टोकाला नेला. मुद्दाम तयार केलेल्या फायरशिपच्या आत शिरून बघितलं, म्हणजे आपलं कल्पनेतच, तर खालच्या मजल्यावर एक लांबच लांब खोली, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी पन्हळी आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या पन्हळी. या पन्हळींमधून दारूची धार एका ठिकाणाहून सगळीकडे पळणार. पन्हळींमध्ये आणि आजूबाजूला राळेत बुडवून काढलेल्या बोरूच्या जुड्या, काटक्यांचे भारे, आगीची पिंपं. वरच्या डेकला भोकं, त्यांच्यावर धुराड्यासारखे नळ, म्हणजे ज्वाळा सरळ डोलकाठीच्या दोरखंडांपर्यंत जाव्यात. आडव्या काठ्यांच्या टोकांना लोखंडी आकडे, समोरच्या जहाजाच्या दोरांत अडकायला.

आणि सगळ्यात भारी म्हणजे खिडक्या. साध्या लढाऊ जहाजावर तोफेच्या खिडकीची झडप वरच्या बाजूला बिजागरीवर असते, दोर ओढला की वर उचलली जाते. आता विचार करा, जहाज पेटलं की तो दोर जळणार, झडप धाडकन खाली पडून खिडकी बंद होणार, आत हवा जाणार नाही आणि आग गुदमरणार. म्हणून फायरशिपला बिजागरी खालच्या बाजूला. दोर जळला की झडप आपल्याच वजनाने बाहेर पडते आणि खिडकी उघडी राहते. जहाज जळताना नीट जळावं, कुठेही अडू नये म्हणून कुणा सुतारानं एवढं डोकं चालवलं. मला तर वाचताना त्या सुताराबद्दल काय वाटावं तेच कळेना.

मागच्या बाजूला, कडेला, एक मोठं दार. माणसांसाठी. कप्तान तिथे उभा राहून वात पेटवणार आणि त्याच दारातून होडीत उडी मारणार. अख्ख्या जहाजात जिवंत राहण्यासाठी बनवलेली ही एकच गोष्ट.

अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिशांनी तर खास फायरशिप म्हणून नवी कोरी जहाजं बांधली आणि त्यांना नावं दिली टिसिफोनी, अलेक्टो, मेगेरा. ग्रीक पुराणातल्या सूड घेणाऱ्या तीन बहिणी. बाकीच्यांची नावं स्पिटफायर, इन्सेंडिअरी, कॉन्फ्लॅग्रेशन, म्हणजे बारशालाच सांगून टाकलेलं की बाळा तुझं पुढे काय होणार आहे. गंमत म्हणजे यातली बहुतेक फायरशिप म्हणून कधी जळलीच नाहीत, साधी गस्तीची जहाजं म्हणून राबली.

आणि जी जळली त्यांच्यासाठी आरमाराच्या वहीत एक शब्द असायचा. बुडालं नाही, हरवलं नाही, शत्रूने पकडलं नाही. शब्द असा की त्याचा सरळ अर्थ खर्च झालं, वापरून संपलं, जसे तोफगोळे संपतात तसं. मला तो शब्द पहिल्यांदा फार कोरडा वाटला, कारकुनी. मग लक्षात आलं की आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, फक्त आपण तो माणसांसाठी वापरतो. कामी आला. अमुक लढाईत अमुक कामी आला. तसंच ते जहाज, कामी आलं. फरक एवढाच की माणूस कामी यावा अशी कुणाची इच्छा नसते (निदान म्हणताना तरी), आणि या जहाजाचा जन्मच त्यासाठी.

तर परत त्या उतरण्याच्या प्रश्नाकडे.

१७५९ सालचा जून. ब्रिटिश आरमार कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीतून वर क्वेबेकपर्यंत आलेलं, फ्रेंचांनी त्यांच्यासाठी फायरशिपांचा ताफा तयार ठेवलेला, त्यावर पाण्यासारखा पैसा ओतलेला. रात्री जहाजं सुटली. नदीचा प्रवाह बरोबर, अंधार बरोबर, समोर नांगरलेली गच्च जहाजं. आणि पुढारपण करणाऱ्या अधिकाऱ्याचा धीर सुटला. फार आधी पेटवलं. एकाने पेटवलं म्हणून बाकीच्यांनी पेटवलं, आणि सगळा ताफा शत्रूपर्यंत पोचायच्या आधीच दिवाळं निघाल्यासारखा नदीत जळत सुटला. एक कप्तान मात्र थांबला, त्याला अजून जवळ जायचं होतं, तो जहाजासकट जळाला. ब्रिटिश खलाशी छोट्या होड्या घेऊन पुढे गेले, आकडे टाकले आणि ती जळती जहाजं ओढून काठाला नेऊन लावली. त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला म्हणे, काय रे, नरक कधी दोरीने ओढला होतास का?

वाचताना मला पटकन त्या घाबरलेल्या अधिकाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली. चारला काडी टाकणारा माणूस मी, दुसरं काय वाटणार. पण त्या थांबलेल्या कप्तानाचं काय? तो ताईसारखा नऊपर्यंत गेला, आणि तरी उपयोग शून्य, कारण बाकीचे चारला सुटले होते.

इंग्रजांनी सतराव्या शतकात यावर एक हिशेबी उपाय काढला होता. फायरशिपने मोठं लढाऊ जहाज जाळलं तर कप्तानाला १०० पौंड किंवा सोन्याची साखळी आणि पदक, बाकीच्यांना माणशी १० पौंड. पण हे फक्त त्यांनाच जे काम होईपर्यंत जहाजावर राहिले. म्हणजे सरकारलाही कळत होतं की अडचण काय आहे.

आता यातली सगळ्यात गाजलेली रात्र. १५८८, ऑगस्टची ७ तारीख. स्पेनचं आरमार, सुमारे १३० जहाजं, फ्रान्सच्या किनाऱ्याला कॅलेसमोर नांगर टाकून उभं. त्यांना पलीकडून ड्यूक ऑफ पार्मा या नेदरलँड्समधल्या स्पेनच्याच सेनानीच्या फौजेची वाट बघायची होती. इंग्रज वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्यांनी आपल्यातलीच आठ जहाजं काढली, ड्रेकने स्वतःचं एक दिलं, घाईघाईत जे मिळेल ते भरलं. तोफा आतच ठेवल्या, गोळे भरून, म्हणजे तापल्या की आपोआप उडतील. मध्यरात्री वारा आणि भरती दोन्ही स्पेनकडे वाहत असताना सोडून दिली.

स्पेनचा सेनापती मेदिना सिदोनिया काही झोपलेला नव्हता. त्याला अंदाज होता, त्याने पुढे छोट्या होड्या आकडे घेऊन उभ्या केल्या होत्या. त्यांनी दोन जहाजं बाजूला ओढलीसुद्धा. मग उरलेल्या सहांच्या तोफा आगीने आपोआप उडायला लागल्या आणि स्पेनच्या ताफ्यात एकच घबराट झाली. जहाजांनी नांगर वर ओढायला वेळ नाही म्हणून कुऱ्हाडीने नांगरांचे दोर तोडले आणि अंधारात वाट फुटेल तिकडे पळाली.

त्या रात्री फायरशिपांनी स्पेनचं एकही जहाज जाळलं नाही. एकही नाही. सहाच्या सहा जहाजं शिस्तीत काठाला जाऊन जळत बसली.

पण ताफा मोडला होता. दुसऱ्या दिवशी ग्रॅव्हलिनची लढाई स्पेनला विस्कळीत अवस्थेत लढावी लागली, मग वाऱ्याने त्यांना उत्तरेकडे ढकललं, परतीचा रस्ता स्कॉटलंड आणि आयर्लंडला वळसा घालून. आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळं आली तेव्हा ज्यांनी आपले चांगले नांगर कॅलेच्या तळाशी सोडले होते त्यांच्याकडे जहाज धरून ठेवायला धड काही नव्हतं. जहाजं खडकांवर गेली. म्हणजे कॅलेच्या रात्री घेतलेल्या भीतीची किंमत काही आठवड्यांनी, शेकडो मैल लांब, वेगळ्याच किनाऱ्यावर चुकती झाली. मला हा भाग वाचताना कसंतरी झालं. आपणही घाईत काहीतरी तोडून पळतो आणि तेव्हा वाटतं सुटलो, नाही का.

पण स्पेनवाले एवढे घाबरले का, हा खरा प्रश्न. लढाईत मुरलेली माणसं होती ती. त्याचं उत्तर तीन वर्षं मागे, स्पेनविरुद्ध उठलेल्या अँटवर्प शहरात.

१५८५. याच ड्यूक ऑफ पार्माने अँटवर्पला वेढा घातला होता आणि शहराला समुद्राकडून मदत मिळू नये म्हणून शेल्ट नदीवर आख्खा पूल बांधला होता, मधला भाग होड्यांचा. शहरात एक इटालियन इंजिनिअर होता, फेदेरिगो जियामबेली. त्याने मोठी जहाजं मागितली, मिळाली दोन लहान. त्यांच्या पोटात त्याने विटा-दगडांची पक्की खोली बांधली, ती दारूने भरली, वर दगड, थडग्यांच्या फरशा, लोखंड असला सगळा ऐवज रचला. एकात साधी वात आणि दुसऱ्यात चक्क घड्याळाची यंत्रणा, वेळ झाली की ठिणगी पाडणारी. दोन्हीच्या डेकवर थोडी आग पेटवून ठेवलेली, लांबून साधी फायरशिप वाटावी म्हणून.

जहाजांची नावं होती फोर्चुइन आणि होप. डच भाषेत त्यांचा अर्थ नशीब आणि आशा. नशीब वाटेतच काठाला रुतलं आणि फुसकं निघालं. आशा जाऊन पुलाला लागली.

पुलावरच्या सैनिकांनी बघितलं की वर किरकोळ आग जळतेय, एवढंच ना, म्हणून काही जण हसत हसत जहाजावर चढले, पाणी ओतायला लागले. पार्मा स्वतः पुलावर होता, एका अधिकाऱ्याने गळ घालून त्याला तिथून हलवलं. मग घड्याळाची वेळ झाली. सुमारे ८०० माणसं एका क्षणात गेली, पार्मा लांब असूनही बेशुद्ध पडला. पुलाला भलंमोठं भगदाड.

आणि मग काहीच नाही. ज्या आरमाराने त्या भगदाडातून आत यायचं होतं त्याला इशाराच मिळाला नाही. पार्माने रातोरात भगदाड वरवर बुजवलं, ऑगस्टमध्ये अँटवर्पने शरणागती पत्करली.

म्हणजे बघा, अँटवर्पला जहाजाने ८०० माणसं मारली आणि शहर हरलं. कॅलेला एकही जहाज जाळलं नाही आणि मोहीम जिंकली, कारण कॅलेसमोर नांगरलेल्यांना अँटवर्पची गोष्ट माहीत होती, आणि त्यांना हेही माहीत होतं की तो जियामबेली आता इंग्लंडमध्ये राणीच्या चाकरीत आहे. तो प्रत्यक्षात तिथे थेम्स नदीची संरक्षणं बांधत बसला होता, या आठ जहाजांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या आठांत साधा कचरा भरला होता. पण अंधारात जळतं जहाज येताना दिसलं की कोण विचारणार, की बाबा तुझ्या पोटात काटक्या आहेत की घड्याळ.

१८०९ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या लॉर्ड कॉक्रेनने हेच जवळपास जसंच्या तसं पुन्हा केलं. फ्रेंच आरमार रोशफोरजवळ, बास्क रोड्स म्हणतात त्या ठिकाणी नांगरलेलं, पुढे अडसर बांधलेला. कॉक्रेन स्वतः दारूने ठासून भरलेल्या जहाजावर गेला, वात पंधरा मिनिटांची होती, ती त्याच्या बरीच आधी जळून संपली आणि उडालेला मलबा त्याच्या होडीच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडला. मागून आलेल्या फायरशिपांनी प्रत्यक्षात फारसं काही जाळलं नाही. पण फ्रेंचांनी काय केलं? नांगरांचे दोर तोडले. जवळजवळ सगळा ताफा चिखलात रुतला. आणि मग परत अँटवर्प, वरचा अधिकारी गँबियर पुढे यायला टाळाटाळ करत राहिला, त्याला हा लढाईचा प्रकारच मुळात किळसवाणा वाटत होता, आणि भरती आली तशी बरीच फ्रेंच जहाजं निसटली. दोनशे वर्षं झाली तरी माणसं त्याच दोन चुका करतात, एक भिऊन दोर तोडायची आणि एक उघडलेल्या दारातून आत न शिरायची.

सोबतीने नांगरलेली जहाजं आणि आग हे वाचताना मराठी माणसाला विजयदुर्ग आठवणारच. फेब्रुवारी १७५६, वॉटसन आणि क्लाइव्हचं आरमार आत घुसलं, तुळाजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून बांधलेली. एक तोफगोळा त्यांच्यातल्या रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला, जे त्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं होतं, ते पेटलं आणि त्याच्यावरून पुढचं आणि त्याच्यावरून पुढचं. आख्खं आरमार एका दिवसात. तिथे फायरशिप पाठवावी लागली नाही, ती आधीच त्यांच्यात बांधलेली होती. चीनमध्ये इ.स. २०८ मध्ये रेड क्लिफ्सला हेच झालं होतं, त्साव त्सावची जहाजं एकमेकांना जोडून ठेवलेली, शत्रूकडचा सरदार ह्वांग गाय शरण येतोय असं सांगून सुक्या गवताची आणि तेलाची जहाजं घेऊन आला. वारा बरोबर होता.

वारा, वारा, वारा. जितकं वाचावं तितका तो पुढे येतो आणि शौर्य मागे सरकतं. पण शौर्याची बाजू लढवायला मी एक नाव राखून ठेवलं होतं, ते म्हणजे कॅनारिस.

कॉन्स्टँटिनोस कॅनारिस, ग्रीसच्या प्सारा बेटावरचा खलाशी. १८२२ च्या वसंतात तुर्कांनी किऑस बेटावर भयंकर कत्तल केली. जूनमध्ये, तुर्की आरमार किऑसपाशीच असताना, रमजान संपल्याचा आनंद चाललेला, मुख्य जहाजावर दिवे लावलेले, त्या रात्री दोन ग्रीक फायरशिप अंधारातून आल्या. एक कॅनारिसची, एक पिपिनोसची. दोघेही धीराचे, दोघेही जवळ गेले, दोघांनीही पेटवलं, दोघेही वाचले. पण पिपिनोसचं जहाज समोरच्या जहाजाला नीट अडकलं नाही, तुर्कांनी ते ढकलून दिलं, ते एकटंच जळत वाहत गेलं. कॅनारिसने मात्र आपल्या जहाजाचं पुढचं लांब लाकूड मुख्य जहाजाच्या उघड्या खिडकीत असं खुपसलं की ते निघेचना. मग पेटवलं. मग उतरला. सुमारे दोन हजार माणसं गेली, सेनापती कारा अलीसकट.

हा हिरोचा प्रसंग आहे असं समजूनच मी तो वाचला, दोन वेळा वाचला. आणि दुसऱ्या वेळी ते खिडकीतलं लाकूड डोक्यात राहिलं. दोघांच्या धैर्यात फरक नव्हताच की. पिपिनोसही काही चारला सुटलेला नव्हता. कॅनारिसला जास्त वेळ काडी धरावीच लागली नाही, कारण त्याने आधी जहाज अडकवलं आणि मग पेटवलं. हाच माणूस पुढे ग्रीसचा अनेकदा पंतप्रधान झाला आणि १८७७ मध्ये, म्हातारपणी, पंतप्रधान असतानाच वारला. फायरशिपवरून उतरलेला माणूस पंचावन्न वर्षांनी खुर्चीत बसून जातो, हे काही रोज होत नाही.

पुढे वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली आणि हे सगळं संपलं असं म्हणतात. पण चटक काही सुटली नाही. १९४० मध्ये जर्मनीच्या स्वारीची भीती होती तेव्हा ब्रिटिशांनी जुनाट तेलवाहू जहाजं पेट्रोल-तेलाने भरून कॅले आणि बूलोनच्या बंदरात सोडायचा बेत केला. त्यातल्या दोघांची नावं वॉर निझाम आणि वॉर नवाब, मी खोटं सांगत नाही. निझाम आणि नवाब वाटेतच बंद पडायचे, नाहीतर हवा बिघडायची, शेवटी बेत गुंडाळला. १९४२ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या सेंट नझायर या फ्रेंच बंदरात मात्र जमलं. कॅम्पबेलटाउन नावाची जुनी विनाशिका टाइमर लावलेल्या स्फोटकांसकट गोदीच्या दरवाजात रात्री घुसवली. सकाळी पकडलेल्या तिच्या कप्तानाला एक जर्मन अधिकारी सांगत होता म्हणे की तुमच्या जहाजाने केलेलं नुकसान दुरुस्त करायला काही फार वेळ लागणार नाही, आणि तेवढ्यात ते उडालं. गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी. अँटवर्पचं घड्याळ, पुन्हा एकदा.

आणि आता काळ्या समुद्रात युक्रेनच्या ड्रोन बोटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचं इवानोवेत्स नावाचं लढाऊ जहाज बुडवलं त्याचा व्हिडिओ मी बघितला. रात्रीचं करडं पाणी, समोर जहाज मोठं होत जातं, अजून मोठं, बाजूला आधीच पडलेलं भगदाड दिसतं, बोट बरोबर त्याच भगदाडाकडे वळते, आणि पडदा रिकामा. सुकाणू धरणारा माणूस आहे, फक्त तो लांब कुठेतरी खुर्चीत आहे. मागे बांधलेली होडी नाही, कडेचं दार नाही. बघताना माझाच हात आखडला होता, काहीतरी सोडायचं राहिलंय असं वाटत होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता मी तिला हे सगळं सांगितलं, क्वेबेक, कॅनारिस, आणि मग म्हटलं, ताई, तू किती डेअरिंगबाज होतीस गं, माझ्याच्याने चारच्या पुढे कधी जमलं नाही.

ती बराच वेळ हसली.

"अरे येड्या," ती म्हणाली, "तू काडी तिरकी खाली धरायचास. मी सरळ उभी धरायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आग वर चढते. तुझ्या काडीवर ती तुझ्या बोटांकडे पळत यायची. माझी टोकाला बसून राहायची. तुला सांगितलं असतं तर तू जिंकला असतास ना मग."